भिंगांचा पापुद्रा

“आणि तू बसलास की दिसतं?” दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

“दिसतं. लख्ख.”

“दुसरा बसला की नाही?”

“म्हणून तर म्हणतोय, उस्ताद. माझी पाठ वळली की कुणीतरी हात घालतंय.”

कुणीतरी म्हणजे कोण, हेही अभिरामनं ठरवूनच ठेवलं होतं.

मी मिरजेला उस्तादांच्या दुकानात चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेलो होतो. काडी बसली होती, मी उठणारच होतो. पण अभिरामचं तोंड बघितलं आणि पुन्हा टेकलो. रिटायर मास्तराला दुसरा उद्योग काय?

अभिराम उस्तादांचा चेला. मिसरूड फुटायच्या वयात चार वर्षं त्यांच्या चाकावर भिंगं घासत बसला होता. पुढं शिकला, मोठा झाला, कुपवाडला कारखाना काढला. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या स्क्रीन बनवतो. स्क्रीनवर खसखशीहून बारीक भिंगांचा एक पापुद्रा चिकटवायचा. ती भिंगं उजेड वळवून एकाच जागी पाठवतात, समोरच्या माणसाचे दोन डोळे मावतील एवढ्याच. पेशंटचा रिपोर्ट डॉक्टरला दिसावा, शेजारच्याला नुसता काळोख.

झालं उलटंच. डॉक्टरला काळोख, आणि उजव्या हाताला बसलेला पेशंटचा मेहुणा सगळा रिपोर्ट वाचून मोकळा. नऊ स्क्रीन परत आल्या होत्या.

पापुद्रा नेमका कुठं बसवायचा याची खूण अभिराम स्वतः करायचा. समोर बसून पापुद्रा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवायचा आणि लख्ख दिसलं की पेन्सिलीनं रेघ मारायचा. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यावर त्याचा भरवसा नव्हता. त्या रेघेवर पापुद्रा चिकटवायचं काम रेणुका मगदूमचं. म्हणजे घात तिनंच केला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं तिला फोडलंय, असं त्यानं अगदी थंडपणे सांगितलं.

संध्याकाळी तो तिला काढून टाकणार होता. वर, का काढलं ते कुपवाडच्या सगळ्या कारखान्यांना कळवणार होता. घरात मिळवती ती एकटीच. तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

“तिला विचारलंस?”

“चोर कबूल करतो का?”

“परत आलेल्या स्क्रीन बघितल्यास?”

बघितल्या होत्या. त्याच्यासमोर सगळ्या ठीक होत्या. कारण परत आलेला माल आधी रेणुकाच्या टेबलावर जातो, आणि ती गुपचूप पापुद्रा पुन्हा जागेवर बसवून ठेवते, असं त्याचं म्हणणं. संशयाला असं कुठलंही बीळ पुरतं.

म्हणून आज त्यानं दहावी स्क्रीन थेट डॉक्टरच्या टेबलावरूनच उचलून आणली होती. पिशवीतून काढून त्यानं ती उस्तादांपुढं मांडली, चालू केली आणि स्वतः खुर्चीत बसला.

“लख्ख,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “म्हणजे डॉक्टर खोटं बोलतोय. तोही सामील.”

उस्तादांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो. मला काही दिसेना, तसं मी सरळ सांगितलं.

“मास्तर, मगदूम तुमच्याच गल्लीतल्या ना?” अभिरामनं विचारलं.

मला भयंकर राग आला. चाळीस वर्षं पोरं शिकवली, खोटं बोलतो असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. मी खुर्ची सोडली.

मग उस्ताद बसले.

बराच वेळ बघत राहिले...

“मला दिसतंय,” ते म्हणाले. “लख्ख.”

अभिरामनं माझ्याकडं असं बघितलं की सांगायची सोय नाही. “बघा,” तो म्हणाला. “ज्याला नजर आहे त्याला दिसतं.” आणि खिशातून फोन काढला. रेणुकाला बोलावून घ्यायचं, उस्तादांसमोरच सोक्षमोक्ष लावायचा.

“थांब,” उस्ताद म्हणाले. “तू ये. इथं माझ्याशेजारी उभा राहा.”

समोरच्या भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी आरसा होता. उस्ताद स्क्रीन सोडून आरशात बघू लागले. मीही बघितलं. दोघांच्या माना उजवीकडं कललेल्या होत्या, अगदी एकसारख्या. भिंगं घासताना त्या दुकानातल्या चाकावरचं पाणी डावीकडं उडतं. अंगावर येऊ नये म्हणून बसणारा मान उजवीकडं काढतो. उस्तादांनी साठ वर्षं काढली होती, अभिरामनं चार.

उस्तादांनी दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी धरली. दात आवळले आणि मान हळूहळू सरळ केली. आत काहीतरी कट्कन वाजलं.

मग त्यांनी स्क्रीनकडं बघितलं.

“गेलं,” ते म्हणाले.

अभिराम हसला. पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. उस्ताद उठले, त्याला खुर्चीत बसवलं आणि फ्रेमचं माप घेताना धरतात तशी त्याची हनुवटी धरली. मान सरळ केली. फार जोर लावावा लागला. पोरगा आडमुठा, मानही तशीच.

“आता?”

अभिरामनं डोळे चोळले.

“काय दिसतं?”

“काळोख...” मग एकदम त्यानं हात झटकला. “उस्ताद, तुम्हालाही तिनं...”

त्याचे कान लाल झाले होते. आपण काय बोलायला निघालो होतो, हे त्याचं त्यालाच कळलं असावं. मला त्याची कीव आली, आणि त्याची जिरली याचं थोडं बरंही वाटलं.

उस्ताद रागावले नाहीत. मान पुन्हा उजवीकडं गेली होती. ती चोळत ते उभे राहिले.

“मग मी तिला काय सांगू?” अभिरामनं खाली बघत विचारलं.

“खूण तिला करू दे,” उस्ताद म्हणाले. “ती माझ्याकडं शिकलेली नाही.”