ठकूबाईची अकरा गाडगी

माणदेशातल्या बोरजाई गावी त्या वर्षी भिवनाथ महाराज चातुर्मासाला राहिले होते. दौलतराव पाटलांनी आपली ओसरी त्यांच्यासाठी झाडून-सारवून ठेवली होती, पण महाराजांनी घोंगडे अंथरले ते गावाबाहेरच्या बाभळीखाली. पाटलांना ते थोडे लागलेच.

पाटील शहाणे होते. आपण शहाणे आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होते, एवढेच. त्या साली त्यांनी फर्मान काढले की, सगळ्या गावाने रब्बीला एकच टपोरी पांढरी ज्वारी पेरायची आणि घरोघरचे बियाणे त्यांच्या जमिनीखालच्या पेवात आणून ओतायचे. "बायकांच्या गाडग्यांत कसलं आलंय गावाचं बी? उंदरांची चैन नुसती!" असे ते चावडीवर म्हणाले. पुरुष हसले. बायकांनी मुकाट्याने आपापली गाडगी पेवात रिकामी केली.

एकटी ठकूबाई गेली नाही. ती विधवा होती. दोन बिघे खडकाळ रान आणि एक लहान लेक, एवढाच तिचा संसार. काढणीआधी ती हातात लाल दोरा घेऊन उभ्या पिकात हिंडायची आणि मनात भरलेल्या कणसाला दोरा बांधायची. दोऱ्याचे कणीस बियाण्याचे, त्याला विळा लावायचा नाही, ते हाताने खुडून वेगळे ठेवायचे, ही तिच्या सासूची शिकवण. अशी निवडलेली अकरा तऱ्हांची बियाणी तिच्या अकरा गाडग्यांत होती. हुरड्याची गूळभेंडी, कमी पाण्यावर तगणारी दगडी, लाह्यांची ज्वारी, शिवाय करडई, जवस, हरभरा असे बरेच काही. त्यांत राख आणि कडुलिंबाचा पाला घालून तिने तोंडे शेणाने लिंपली होती. गाव तिला गाडगेवाली म्हणून चिडवू लागले.

भाद्रपदात एके दिवशी महाराज तिच्या दारात उभे राहिले. मागोमाग त्यांना जेवायला न्यायला पाटील आलेच.

"माय, भूक लागली," महाराज म्हणाले. "त्या गाडग्यातल्या ज्वारीची भाकर दे."

घरात पीठ नव्हते. चुलीवर वाडगाभर आंबील होती, तीही लेकीला पाजून उरलेली. ठकूबाईने ती वाडग्यात ओतून आणली. ती म्हणाली, "म्हाराज, त्यातलं न्हाई देता येत. ते माजं न्हाई. सासूनं माज्या हवाली केलं, मी म्होरल्यांच्या हवाली करायचं. मदीच खायचा हक्क मला न्हाई. ही आंबील माज्या वाट्याची हाय, तेवडी घ्या."

पाटील खो-खो हसले. "दारच्या साधूला नाही म्हणणारी बाई आजच पाहिली! चला महाराज, घरी पुरण शिजलंय."

महाराज उंबऱ्यावरच बसले. आंबील प्यायले, वाडगे बोटाने पुसून घेतले, उठून एकेका गाडग्यावर प्रेमाने तळहात ठेवला आणि बाभळीकडे निघून गेले. आपण संताला नाही म्हणालो, या दुःखाने ती माउली दिवसभर रडत होती.

पुढे आठ दिवस झड लागली आणि पेवात पाणी शिरले. पेरणीसाठी पेव उघडले, तर आंबट, गरम वाफ बाहेर आली. सारे बियाणे काळे पडून कुजले होते. हस्ताचे नक्षत्र सरत आले होते, जमिनीतली ओल चार दिवसांची सोबती होती, आणि शेजारच्या गावांना त्यांचेच बियाणे पुरत नव्हते. हे साल पडीक गेले तर खायचे काय? बायका रडत बाभळीखाली गेल्या.

महाराज म्हणाले, "मला काय विचारता? ज्या दारात मला नाही म्हणाले, त्या दारात जा."

ठकूबाईने एका शब्दानेही कुणाला बोल लावला नाही. तिने गाडग्यांची लिंपलेली तोंडे फोडली. महाराज तिच्या उंबऱ्यावर येऊन बसले. "आत बघू नकोस, माय. नुसती देत जा."

बायका ओटी पसरून पुढे येऊ लागल्या. चाळीस घरे! दिवस कलला तरी पहिल्या मुठीला हात जिथे बियाला लागला होता, तिथेच तो अजून लागत होता. हे ध्यानात आले तेव्हा ठकूबाईचे डोळे वाहू लागले, पण हात थांबला नाही.

सगळ्यांच्या मागे, बोळात पाटील उभे होते. तिनेच हाक मारली, "पाटील, या की आत. ओल उडून चाललीया. पर एकच जात न्हाई देनार, अकराबी न्यायला लागतील. आन् म्होरल्या साली दोरा बांधून परत आणायचं."

"नेतो, ठकूबाई. आणतोही," पाटील म्हणाले.

तेव्हा ठकूबाई महाराजांकडे वळली. इतके दिवस मनात सलत होते ते तिने विचारले. "म्हाराज, मी तुमाला न्हाई म्हनले. मला पाप लागलं का?"

महाराजांचे डोळे भरून आले. "माय, त्या दिवशी तू हो म्हणाली असतीस, तर मी एक भाकर खाल्ली असती आणि गाव उपाशी राहिलं असतं."

पाटील महाराजांच्या पाया पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि गाडग्यांकडे बोट दाखवले. पाटलांनी त्या गाडग्यांपुढे, जमिनीवर सांडलेल्या राखेत डोके टेकले. कपाळाला लागलेली राख त्यांनी पुसली नाही. तशीच मिरवत, अकरा बियाण्यांची अकरा गाठोडी उराशी धरून, ते भर गावातून घरी गेले.