ओल्शानीचा काळा चौकोन

ओल्शानी गावच्या शाळेमागे एक छोटी खोली आहे. तिथे काचेआड जवसाच्या धाग्याचा एक लांब पांढरा पंचा टांगला आहे. टोकाला लाल पक्ष्यांची रांग, आणि शेवटच्या पक्ष्याच्या जागी एक तिरका काळा चौकोन. पाहुणे नेमके तिथेच थबकतात. मग खोलीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आगाफ्या आजी चष्मा कपाळावर सारतात. "पक्षी काय, रशियाभर मिळतील. चौकोन फक्त आमचा. बसा आधी, उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट नाही ही."

राजा जाऊन नवं सरकार आलं, त्या सुमाराची गोष्ट, असं सांगतात. शहरातल्या चित्रकारांनी तेव्हा नवंच खूळ काढलं होतं. गायी, संत, फुलं सगळं सोडून ते नुसते चौकोन, वर्तुळं आणि तिरक्या पट्ट्या काढायचे. भिंतीवरच्या जाहिरातींत तेच, पुस्तकांच्या वेष्टनांवर तेच, कपबशांवरसुद्धा तेच! आता ते कापडावरही भरून घ्यावं म्हणून झिनाइदा नावाची एक तरुण चित्रकार ओल्शानीला आली आणि उस्तिन्याच्या घरी उतरली.

उस्तिन्या म्हणजे भरतकामात गावातला पहिला हात. कापडाचे धागे मोजून टाका घालायची, आणि मोजणीत कधी चुकायची नाही. तिने झिनाइदाचा कागद उलटासुलटा करून पाहिला.

"आमच्या आज्या-पणज्यांनी पक्षी भरले, कारण पक्ष्यात जीव असतो. तुझ्या ह्या चौकोनाला चोच तरी आहे का गं?"

आणि तो कागद तिने खुशाल दुधाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवला. झिनाइदा हसली आणि दुसरा काढायला बसली. उस्तिन्याच्या सात वर्षांच्या नातीशी, दुन्याशी, तिची छान गट्टी जमली होती.

त्या शरदात गावात ताप शिरला. तीन घरांतली मुलं गेली, आणि चौथ्या दिवशी दुन्याने अंथरूण धरलं. दुन्याची आई आधीच गेलेली; त्या पोरीवाचून उस्तिन्याला होतं तरी कोण?

तेव्हा बायकांनी जुना नवस बोलला. एका दिवसाचा पंचा! सूर्य उगवल्यावर सूत कातायचं, विणायचं, भरायचं, आणि सूर्य बुडायच्या आत वेशीवरच्या क्रुसाला बांधायचा. गावात राहणाऱ्या प्रत्येकाचा एकेक दोरा त्यात हवा, आणि किनारीत रिकामी जागा राहता कामा नये.

पहाटे झिनाइदानेही आपला दोरा पुढे केला. तिच्याकडे होता तो काळा.

"सुतकाचा रंग? आणि तू काय गावची आहेस?" उस्तिन्याने तिचा हात बाजूला सारला. झिनाइदा आत गेली आणि दिवसभर दुन्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत राहिली.

दुपारी कापड मागावरून उतरलं. उस्तिन्या भरायला बसली, पण कान सगळे आतल्या खोलीकडे. पहिल्याच पक्ष्यात तिने एक धागा जास्त धरला. पुढचे पक्षी त्या पहिल्यावरून मोजले, म्हणून प्रत्येकात एकेक धागा वाढत गेला. उन्हं कलली तेव्हा रांगेच्या शेवटी अर्ध्याच पक्ष्याची जागा उरली होती! अर्धा पक्षी म्हणजे अर्धं आयुष्य; तो कोण भरणार? उसवायला वेळ नव्हता. उस्तिन्या सुई टाकून ढसाढसा रडली. "मी मारली गं माझ्या पोरीला!"

रडणं ऐकून झिनाइदा बाहेर आली. तिने ती जागा पाहिली, आणि बोटाने कापडावर एक तिरका चौकोन काढून दाखवला. "आजी, ह्याला चोच नाही, शेपूट नाही. हा उरलेल्या जागेत बसतो."

तेव्हा कुठे उस्तिन्याच्या ध्यानात आलं. दोरा गावात राहणाऱ्या सगळ्यांचा हवा होता, आणि आपल्याच घरात राहणारी, आपल्या नातीला सांभाळणारी हीच एक तेवढी सुटली होती.

"आण पोरी तुझा दोरा," ती म्हणाली. "आणि तूच भर. मला नाही ते तिरकं जमायचं."

सूर्याची कड शिल्लक असताना पंचा क्रुसाला बांधला गेला. उस्तिन्या घरी परतली तेव्हा दुन्याने पाणी मागितलं. त्यानंतर गावातलं एकही मूल गेलं नाही, असं सांगतात.

वसंतात झिनाइदा शहरात परत गेली. पुढे तिथे चौकोनांचेही दिवस फिरले, सरकारला ते नकोसे झाले, आणि तिचं काय झालं ते ओल्शानीला कधी कळलं नाही. उस्तिन्या मात्र जन्मभर वेशीकडे बघत असायची. मडक्यावरचा तो कागद तिने धुऊन-पुसून देवाच्या तसबिरीमागे ठेवला होता.

आजही ओल्शानीची बाई पंचा भरायला घेते तेव्हा पहिल्या पक्ष्यात एक धागा मुद्दाम जास्त धरते. शेवटी जागा उरते. ती जागा घरचं कुणीच भरत नाही. बाहेरून कुणी येईपर्यंत ती तशीच राहते.

इतकं सांगून आगाफ्या आजी मांडीवरचा, स्वतः भरत आणलेला नवा पंचा पाहुण्यांपुढे सरकवतात. त्यात काळा दोरा ओवलेली सुई आधीच टोचलेली असते.

"घ्या," त्या म्हणतात. "मार्चपासून थांबलाय हा तुमच्यासाठी."