पालथं ठेवलेलं क्लॅरिओनेट

"दुरुस्त करून करून किती दिवस चालवायचं, मास्तर?"

गजेंद्रने क्लॅरिओनेट टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

विट्याच्या बँडचे वायदंडे मास्तर चष्मा पुसत होते. गजेंद्र पुढे बोलतच राहिला.

"घरात शिकायला ठीक हाय. पर रस्त्यावर ऊन, धूळ, गुलाल... तिथं हे शिकाऊ क्लारनेट टिकतंय व्हय? नवं फायबरचं घ्या."

काल पाठवणीच्या वेळी, ऐन मुलीच्या दारात, हे क्लॅरिओनेट किंचाळलं होतं. मुलीची आई रडत होती आणि वऱ्हाडी फिदीफिदी हसले. गजेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाद्यच मास्तरांचं जुनं, मी काय करू?"

मास्तरांनी मुलीच्या बापापुढे हात जोडले होते. "चूक माझी."

आता त्यांनी वाद्य उजेडात धरलं. एका चावीखालून चिमट्याने रबराचा तुकडा ओढून काढला. उन्हाने पाघळून काळा पडला होता.

"स्प्रिंगच्या जागी रबर. कुणी बांधलं?"

"...मी."

"कवा?"

"गणपतीत. मिरवणुकीत नाचलो, मास्तर. हे गाड्याला टेकवून ठिवलं हुतं. पडलं."

वाजवणाऱ्याने नाचायचं नाही, एवढा एकच नियम होता मास्तरांच्या बँडात.

"खंडेनवमीला समदी वाद्यं पूजेला मांडली. ह्याला हळद-कुंकू कुणी लावलं?"

"मीच."

"तवा मला कसं दिसलं न्हाई?"

"पालथं ठिवलं हुतं."

गजेंद्रचे कान तापले. देवापुढे वाद्य पालथं घातलं होतं, ते आज आठवून त्याला स्वतःची किळस आली.

मास्तरांनी शिवणाची सुई घेतली. तोडली, तापवली, चावीत बसवली. चहा निवायच्या आत काम झालं.

मग कपाट उघडून नव्या क्लॅरिओनेटची कोरी पेटी त्यांनी पुढ्यात सरकवली.

"दसऱ्यालाच आणलंय. तुझ्यासाठी."

"मग दिलं का न्हाई, मास्तर?"

"जुनं जमा कर, म्हनलो हुतो. दोनदा. तू विषय बदललास."

गजेंद्रला ते दोन्ही प्रसंग आठवले. मास्तर तपासायलाच मागतायत, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

बाहेर ढोलाचे पट्टे आवळल्याचा आवाज येत होता. संध्याकाळी दुसरी वरात होती. टेबलावर दोन क्लॅरिओनेट, एक नवं, एक दुरुस्त. त्याला कशालाच हात लावायचा धीर होईना.

"आज... कुठलं घिऊ, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कुठलंबी घे. वाटेत कालच्या मुलीचं घर लागतंय. चूक कुणाची, ते तिथं तूच सांग."