कोरड्या खोलीतला मिठाचा खडा

मुलांनो, घाटाच्या पायथ्याशी पसरलेल्या एका जंगलात एक मुंगूस राहत असे. जंगलातल्या बॅटरीच्या कारखान्यात तो तपासणीस होता. तयार झालेली प्रत्येक बॅटरी त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय गाडीला लागत नसे. काम अगदी चोख. पण स्वभाव असा, की कुणी हसून विचारपूस केली तरी त्याच्या मनात यायचे, 'हा आज एवढा गोड का बोलतो आहे?'

उन्हाळ्यात पठारावरचे झरे आटत आणि वरच्या प्राण्यांसाठी विजेच्या गाड्यांतून पाणी न्यावे लागे. जुन्या बॅटऱ्या अर्ध्या घाटातच मान टाकत. मागच्या वर्षी पाण्याची गाडी वेळेवर न पोहोचल्यामुळे हरणांची दोन पाडसे दगावली होती. तेव्हापासून कारखान्यातली सुगरण पक्षीण नव्या बॅटरीच्या मागे लागली. जुन्या बॅटरीच्या पोटात द्रव असायचा. तिने त्या जागी एक पातळ, घट्ट पापुद्रा बसवला. आपल्या लहानशा बंद खोलीत तिने एकटीने दहा बॅटऱ्या बनवल्या आणि दहाच्या दहा उत्तम निघाल्या. पाण्याने भरलेली गाडी एकाच बॅटरीवर घाट चढून परत खाली येई.

कारखान्याची प्रमुख हत्तीण म्हणाली, "दहांनी काय होणार? दोन हजार हव्यात, आणि झरे आटायच्या आत हव्यात."

मग मोठी खोली बांधली गेली. पापुद्र्याच्या लेपाला ओल मुळीच चालत नसे, म्हणून खोलीतली हवा सतत सुकवणारे यंत्र बसवले. सगळे तिला कोरडी खोली म्हणू लागले. चाळीस प्राणी तिथे कामाला लागले आणि ते नीट काम करतात ना, हे पाहायला मुंगूस पहिल्या दिवसापासून सारखा दार उघडून डोकावू लागला. लेप पसरवण्याच्या यंत्रावर नदीपलीकडच्या जंगलातून आलेल्या एका कोल्ह्याला नेमले, कारण ते काम त्याला चांगले येत होते.

आणि बॅटऱ्या फुगू लागल्या. शंभरांतल्या तीस वाया. त्यातली एक तर तपासणीतून निसटली आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर पेटली. गाडी चालवणाऱ्या अस्वलाने ती ओढून काढून दगडांत फेकली, म्हणून दोन्ही बाजूंचे वाळलेले गवत वाचले. त्याचा पंजा मात्र भाजला.

ती बॅटरी मुंगसाने पास केली होती. ही गोष्ट त्याच्या जिवाला फार लागली. आपल्या हातून चूक होईल हे त्याला पटेना. 'कुणीतरी मुद्दाम करते आहे,' त्याने ठरवून टाकले. कोण, हे शोधायलाही त्याला वेळ लागला नाही. परक्या जंगलातला, कोल्ह्याच्या जातीचा, जेवणाच्या सुट्टीतही एकटा बसणारा. त्या जंगलातही बॅटऱ्या बनतात म्हणे.

त्या दिवसापासून मुंगूस कोल्ह्याच्या पाळतीवर राहिला. कधी फडके विसरल्याचे निमित्त, कधी वजनाचा काटा पाहायचे निमित्त. दिवसातून तीसचाळीस वेळा तो कोरड्या खोलीचे दार किलकिले करून आत डोकावायचा. दोन गोष्टी त्याच्या लक्षात आल्या. एक म्हणजे खोलीत अधूनमधून सडक्या अंड्यासारखा वास येई. अंड्याच्या बाबतीत मुंगसाचे नाक कधी चुकत नाही. 'इथे अंडी कोण लपवते?' दुसरी गोष्ट अशी, की कोल्हा रोज एक झाकणाची डबी घेऊन आत जाई, ती आपल्या यंत्रापाशी उघडून ठेवी आणि संध्याकाळी आत निरखून पाही.

एके दिवशी मुंगसाने झडप घालून ती डबी हिसकावली. आत मिठाचा खडा होता. तो तसाच कोल्ह्याला घेऊन हत्तिणीसमोर गेला.

"बाई, हा लेपात मीठ कालवतो आहे. हा पाहा पुरावा."

"मी कालवत नाही," कोल्हा म्हणाला. "मी हवा तपासतो आहे. ओल असली की मिठाला पाणी सुटतं."

"हवा तपासायला भिंतीवर मापक आहे की."

"तो मापक हवा सुकवणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी टांगला आहे. कोरडी हवा जिथून आत येते तिथेच. तो सदा कोरडंच दाखवणार. माझ्या टेबलापाशी काय आहे ते त्याला कसं कळेल?"

"बरं, मग इतके दिवस कुणाला बोलला का नाहीस?" मुंगसाने डोळे बारीक केले.

"नुसतं बोललो असतो तर ऐकलं असतं का? म्हटलं, आधी महिनाभर नोंद ठेवू."

"ऐकलंत ना, बाई? लपूनछपून नोंदी ठेवतो. कुणासाठी, ते त्यालाच विचारा."

उन्हाळा तोंडावर आला होता, अस्वलाच्या पंजावरची पट्टी रोज डोळ्यांसमोर दिसत होती आणि सगळा कारखाना कुजबुजत होता. शेवटी हत्तीण म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस." कोल्ह्याने वाद घातला नाही. डबीसुद्धा परत मागितली नाही.

कोल्हा गेला, पण बॅटऱ्या फुगायच्या थांबल्या नाहीत. 'त्याचा कुणी साथीदार मागे राहिला असणार,' मुंगसाला वाटले. आता तो सगळ्यांवरच नजर ठेवू लागला. दार दुप्पट वेळा उघडू लागले. शंभरांतल्या चाळीस वाया गेल्या. खारी त्याला पाहताच बोलणे थांबवत. साळिंदर तर एकदा तोंडावरच म्हणाले, "कोल्ह्यानंतर आता माझा नंबर का?"

अशात मुंगसाला ताप आला आणि तो दोन दिवस बिळात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी कामावर येऊन त्याने सर्वांत आधी नोंदवही उघडली. आपण नाही हे पाहून कुणी काय केले, ते त्याला पकडायचे होते. पाहतो तर काय, त्या दोन दिवसांत शंभरांतल्या सहाच बॅटऱ्या फुगलेल्या.

त्याने पान पुन्हापुन्हा पाहिले. खाडाखोड नव्हती. सगळे प्राणी हजर होते, लेप तोच, यंत्र तेच. खोलीत नव्हता तो एकटा मुंगूस.

जप्त केलेली डबी त्याच्याच कपाटात होती. त्याने नवा कोरडा खडा घेतला, कोल्ह्याच्या टेबलावर ठेवला आणि दार बंद करून दिवसभर जागचा हलला नाही. संध्याकाळी खडा जवळजवळ कोरडा होता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आतबाहेर करत राहिला. विसाव्या खेपेला तो परिचित वास आला, सडक्या अंड्याचा. ओल लागली की लेपच तसा वास सोडत होता. दुपारपर्यंत खड्याखाली पाण्याचे गोल डाग पडले होते. नदीकाठची दमट हवा दर खेपेला त्याच्याच पाठोपाठ आत शिरत होती.

मुलांनो, ही गोष्ट मुंगसाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. डबी नदीत फेकून तो गप्प बसला असता, तर कुणाला कळलेही नसते. एक रात्र तो या विचाराशी झुंजला. सकाळी मात्र ओला खडा आणि नोंदवही घेऊन तो हत्तिणीपुढे उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चोर सापडला आहे, बाई. तो मीच. अस्वलाचा पंजाही माझ्यामुळेच भाजला."

अस्वलाने आपला पट्टीचा पंजा पाठीमागे घेतला.

हत्तिणीने विचारले, "आणि तू नसतानाही फुगल्या त्या उरलेल्या सहा?"

"ते कोल्ह्यालाच कळेल."

मुंगूस नदी ओलांडून गेला. कोल्हा आपल्या बिळाबाहेर बसला होता. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, "यात तुझा नवा डाव काय आहे?"

"काही नाही."

"असं मीही म्हणालो होतो."

मुंगूस मान खाली घालून उभा राहिला. शेवटी कोल्हा उठला. "पठारावरच्या पाडसांचं पाणी अडलं आहे, म्हणून येतो. तुझ्यासाठी नाही."

परत आल्यावर कोल्ह्याने उरलेल्या सहांचे कारण सांगितले. सुगरण एकटीच खोलीत काम करायची. आता चाळीस जणांच्या श्वासातली ओल खोलीत साठत होती. एकटीला पुरणारे एकच यंत्र चाळिसांना कसे पुरणार? हत्तिणीने हवा सुकवणारी आणखी तीन यंत्रे आणवली आणि एकापाठोपाठ दोन दारे बसवली. पहिले लागल्याशिवाय दुसरे उघडतच नसे. फुगणाऱ्या बॅटऱ्या शंभरांत एकावर आल्या आणि तीही तपासणीतच सापडू लागली.

पहिली पाण्याची गाडी घाट चढली तेव्हा मुंगूस स्वतः बॅटरीच्या पेटीवर पंजा टेकून बसला होता. शेजारी कोल्हा होता. तो त्याच्याशी अजून मोजकेच बोलत असे. दुसऱ्या वळणावर अस्वलाने गाडी जराशी हळू केली. कोल्ह्याने मुंगसाकडे तिरक्या नजरेने पाहत विचारले, "लक्ष कुठे आहे?"

"पेटीवर," मुंगूस म्हणाला. "गरम वाटत नाही. पण तूही एकदा हात लावून बघ."

कोल्ह्याने हात लावून पाहिला. गाडी वर गेली. पठारावर हरिणी आपली पाडसे घेऊन वाट पाहत उभ्या होत्या.

तात्पर्य : काम बिघडले तर संशय जरूर घ्यावा; पण दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी कामाची पद्धत तपासावी आणि त्यात स्वतःलाही धरावे.