हाताला लागणाऱ्या वस्तू

"दोन्ही चांगली असली, तर निवडायचं कसं, महाराज?"

तवनाप्पामहाराज भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दुपारच्या पंगतीच्या चटणीला दाणे हवे होते. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मग मान वर केली.

"कसली दोन्ही?"

"ग्राफिक्स कार्डं."

मी शेजारीच शेंगा फोडत होतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून महिन्यातले चार-पाच दिवस मी टेकडीवरच्या त्या मठात काढतो. हे सारं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून लिहून ठेवतो.

विचारणारा होता उन्मेष मगदूम. कोल्हापूरचा इंजिनियर. बिल्डरांना न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर बांधून दाखवायचा. त्या इमारतीत फिरता येतं म्हणे, खिडकीतून ऊन येतं, गॅलरीत कुंड्याही असतात. हुशार माणूस. आपण हुशार आहोत हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

नोकरी सोडून तेच काम घरून करायचं त्यानं ठरवलं होतं. त्यासाठी एकेक भाग निवडून कॉम्प्युटर जुळवायचा होता. हातात साठ हजार रुपये होते, वर एक रुपयाही मिळण्यासारखा नव्हता. चार महिने यादी चालली होती.

पैसे त्याच्या बायकोचे, रेवतीचे. ती घरी बसून प्रकाशकांची हस्तलिखितं टाइप करून द्यायची. तीन वर्षांत साठवलेले ते पैसे. नवा कॉम्प्युटर दोघांत एक असणार होता. दिवसभर ती बसणार, संध्याकाळपासून तो. "तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच निवडा," असं म्हणून तिनं सगळे त्याच्या हाती दिले होते.

त्या दिवशी तीही आली होती. पाया पडली तेव्हा महाराजांना तिच्या उजव्या मनगटावरचा पट्टा दिसला.

"हाताला काय झालं गं पोरी?"

तिनं तोंड उघडायच्या आत उन्मेष म्हणाला, "टायपिंगनं होतं असं. पट्टा लावला की बरं वाटतं."

"बरं वाटतं," रेवती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात मदतीला निघून गेली.

तर, ग्राफिक्स कार्डं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला, पडद्यावरची चित्रं घडवणारा भाग.

"एकाचा वेग जास्त आहे," उन्मेष सांगत होता. "दुसऱ्याची मेमरी जास्त. किंमत जवळजवळ सारखीच. सकाळी हे घ्यावंसं वाटतं, दुपारी ते. बाकी सगळं पक्कं झालंय, इथंच अडलोय. तुम्ही मनाचं सांगता, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

"यादी हाय का?"

यादी फोनमध्ये होतीच. पण महाराजांना फोन दाखवणं बरं नाही, म्हणून त्यानं कागदावर छापून आणली होती. हा त्याचा चांगुलपणा, तो नाकारू नये.

"वाच."

तो वाचू लागला. प्रोसेसर. मदरबोर्ड. रॅम. प्रत्येक वस्तू हीच का, तिच्याऐवजी ती का नाही, हे तो मन लावून सांगत होता. ग्राफिक्स कार्डापाशी आवाज जरा चढला, कारण निम्मे पैसे तिथंच जात होते. पंख्यांनाही एक अख्खी ओळ होती. ते आतली हवा बाहेर टाकतात, आणि ती कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर सोडायची याचंही शास्त्र आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पोस्टात शेवटची सात वर्षं मी कॉम्प्युटरपुढेच बसलो, पण त्याच्या पोटात इतका संसार असतो याची मला कल्पना नव्हती.

महाराज ऐकत होते. मधेच एक शेंग फुटायची.

वाचून झालं.

"ह्यातलं हाताला काय लागतं?" महाराजांनी विचारलं.

"म्हणजे?"

"माणूस म्होरं बसल्यावर. त्येच्या हाताला लागतं काय? डोळ्याला दिसतं काय?"

उन्मेष हसला. लहान मुलानं काही विचारलं की मोठी माणसं हसतात तसा.

"कीबोर्ड, माउस. आणि मॉनिटर, म्हणजे पडदा."

"त्ये वाच."

"ते शेवटी आहे. कीबोर्ड आणि माउस, जोडी मिळून साडेचारशे. मॉनिटर मित्राकडे जुना पडलाय, तो फुकट देतोय. डाव्या बाजूला एक रेघ दिसते त्यात, पण सवय होते."

"आन् हाताला न लागणारं?"

"उरलेलं सगळं. ते पेटीच्या आत जातं."

"त्येला किती?"

"एकोणसाठ हजार पाचशे पन्नास."

महाराजांनी पुढची शेंग घेतली.

उन्मेषला ते टोचलं असावं. तो सरसावून बसला.

"महाराज, तुम्हीच सांगता ना? बाहेरचं काय, आज आहे, उद्या नाही. खरं आहे ते आत. मी तेच केलंय."

मला उत्तर आवडलं, खोटं कशाला बोलू. गुरूची विद्या गुरूला! आता महाराज काय म्हणतात म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"सांगतो खरं…" ते म्हणाले. "तसंच सांगतो मी."

आणि सुपातले दाणे पाखडायला लागले.

"मग त्या दोनांतलं कुठलं घेऊ?"

"आधी जेवून घे."

पंगत बसली. बारा-तेरा माणसं असतील. झुणका, दाण्याची चटणी, कांदा आणि भाकरी. वाढायला अनुसयाक्का. मठाचं स्वयंपाकघर तीस वर्षं तिच्या ताब्यात आहे आणि तिच्यापुढे महाराजांचंही फारसं चालत नाही.

महाराजांची एक खोड आहे. भाकऱ्यांची दुरडी फिरायच्या आधी ते ती आपल्यापुढे मागतात आणि तिच्यातली सगळ्यांत बिघडलेली भाकरी स्वतः काढून घेतात. का, ते कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही.

त्या दिवशी त्यांना शोधावं लागलं नाही. ती भाकरी वरच होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली आणि मधे करपून काळी झालेली.

उन्मेष त्यांच्या शेजारी बसला होता.

"ही नका घेऊ, महाराज," तो म्हणाला. "कुणी केली ही? भाकरी आहे का नकाशा?"

पंगत हसली. मीही हसलो.

अनुसयाक्का दुरडी घेऊन उभी होती. ती हसली नाही.

"तुमच्या मालकिणीनं केलीया," ती म्हणाली.

"रेवतीनं? छे! तिची भाकरी तुम्ही बघितली नाहीत, आक्का. अशी गोल, पातळ… आमच्या आईनंसुद्धा तिला मानलंय. ही तिची नव्हे."

"डाव्या हातानं थापली तिनं. उजवा टेकवत न्हाई. बस म्हटलं, तर ऐकंना. एक थापली आन् बसली मग." आक्कानं दुरडी खाली ठेवली. "घरात कोण थापतंय वो भाकरी?"

"घरी…"

तो थांबला.

"घरी हल्ली भात असतो," तो म्हणाला. "दोन महिने झाले… मला वाटलं, उन्हाळा आहे म्हणून…"

"पाण्याचा तांब्या धरवंना तिला त्या हातानं," आक्का म्हणाली. "डाक्टर म्हणलाय, हात असाच राबवला तर पावसाळ्यापतोर टायपिंग बंद. कायमचं. तुम्हास्नी ठावं न्हाई व्हय?"

"आक्का, असू दे."

रेवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

पंगतीत कुणी घास घेईना. मला माझ्या मघाच्या हसण्याची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

"मला का नाही सांगितलंस?" उन्मेषनं विचारलं.

"तुमची यादी चालली होती ना," रेवती म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला माणूस उलट उत्तर तरी देतो. जे होतं ते तिनं साधेपणानं सांगितलं होतं, आणि तिच्या मते ते कारण पुरेसं होतं.

महाराजांनी करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. चटणीला लावला आणि तोंडात घातला. नेहमी चावतात तसा सावकाश चावला.

"ती मला द्या, महाराज." उन्मेषनं त्यांच्या ताटाकडे हात केला.

महाराजांनी ताट आपल्या बाजूला ओढलं.

"ही माझी."

त्यानं हात मागे घेतला. मग त्याच्या ताटात चांगली, गोल, पदर सुटलेली भाकरी पडली. त्याला ती खाववत नव्हती आणि टाकायची तर मठात सोय नाही. तो खाली मान घालून जेवत राहिला. पाणीसुद्धा मागितलं नाही.

जेवणं झाली. महाराज हात धुऊन परत ओसरीवर येऊन बसले. मी उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या. रेवती आक्काबरोबर दाराशी बसली होती.

उन्मेष आला तो यादी उलगडतच. खिशातून पेन काढलं आणि उभ्याउभ्याच खाडाखोड सुरू केली.

हुशार माणसाला पश्चात्ताप झाला, तरी तो हुशारीनंच होतो.

"महाराज, चुकलो," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, त्यात ढोंग नव्हतं. "कार्डं दोन्ही रद्द. लहान घेतो. बारा हजार सुटतात. मित्राचा मॉनिटर नको, नवा घेऊ, मोठा, डोळ्यांना त्रास न होणारा. कीबोर्ड मधे दुभागलेला मिळतो, त्यावर मनगट वाकवावं लागत नाही. पण त्यातही चार-पाच प्रकार आहेत, ते नीट बघावे लागतील. माउस उभ्या मुठीचा. पंखा एक कमी केला की खुर्चीलाही थोडे उरतात…"

पेन भराभर चालत होतं. त्याचा चेहरा उजळत गेला. चार महिने जो आनंद त्याला मिळाला असेल तोच परत मिळत होता.

"मला दोन दिवस द्या फक्त. हिच्यासाठी सगळ्यांत चांगली वस्तू शोधून काढतो. माझ्यासारखी यादी दुसऱ्या कुणाला जमायची नाही."

रेवती चार हातांवर होती. तो कागदाकडे बघत होता.

"आता बरोबर झालं ना, महाराज?"

महाराजांनी एक शेंग घेतली. फोडली नाही, तशीच बोटांत धरून ठेवली.

मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

"कागद तिला दे," ते म्हणाले.

उन्मेषनं वर पाहिलं.

"आन् पेन बी."

"मला त्यातलं काही कळत नाही हो, महाराज," रेवती घाईनं म्हणाली. "ते बघताहेत ना. त्यांना कळतं सगळं."

"दुखतंय कुठं, त्ये कळतंय न्हवं?"

रेवती उठून पुढे आली. कागद घ्यायला तिनं उजवा हात पुढे केला, तो अर्ध्यावर थांबला, आणि डाव्या हातानं तिनं कागद घेतला. उन्मेष पेन पुढे धरून उभा होता. ते कुठल्या हातात द्यायचं हे त्याला कळेना.

तो तिच्या मनगटाकडे बघत होता. पट्ट्याच्या कडेला कातडी लाल झाली होती, बोटं किंचित सुजलेली होती. दोन महिने ते मनगट त्याच्या घरात होतं.

"दुखतं का गं फार?" त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आक्का पदर तोंडाला लावून आत गेली. मी उगाचच सूप हलवलं. उन्मेष तसाच उभा होता, पेन धरून. शेवटी तो महाराजांकडे वळला. मघाचा आवाज आता राहिला नव्हता.

"तिला लिहिता यायचं नाही, महाराज. त्या हातानं नाही यायचं."

महाराजांनी हातातली शेंग फोडली.

"मग तू लिही… ती सांगंल."