ठकूआईच्या दगडाला पाणी घालत नाहीत

आधीच सांगितलेलं बरं. हे लिहिणाऱ्याची शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, त्याची माफी असावी. पण ज्यांना नीट लिहिता येतं ते ही गोष्ट लिहीत नाहीत, आणि जे सांगतात ते हल्ली अर्धीच सांगतात. म्हणून जशी ऐकली तशी पुरी लिहिली आहे.

फार वर्षांपूर्वी, आपल्या आज्यांच्या आज्यासुद्धा पाळण्यात नव्हत्या तेव्हा, बोरखिंडीच्या काळ्या रानात गांजाचं पीक होत असे. आज त्याचं एक रोप लावलं तरी गुन्हा आहे. तेव्हा मात्र सरकारच परवाना देई आणि सरकारच माल वखारीत नेई. गावाचा परवाना आप्पाजी मक्तेदाराच्या नावावर होता, त्यामुळे रान कुणाचंही असो, शब्द आप्पाजीचा चाले.

या पिकाची एक खोड होती. त्यात काही झाडं नर निघत, काही मादी. माल धरायचा तो मादीचा. नर फुलायच्या आत उपटून टाकायचे, नाहीतर त्यांची पिवळी धूळ उडते, मादीत बी भरतं आणि वखारवाला तो माल हातातही धरत नाही. फुलायच्या आधी नर ओळखणं सोपं नव्हतं. ते काम करणाऱ्याला पारखी म्हणत.

बोरखिंडीचा पारखी सटवाजी होता. निदान लोक तसं म्हणत. खरं असं होतं की सटवाजीला मोतीबिंदू झाला होता. ओळीतून तो पुढे चाले, त्याची बायको ठकू पाटी घेऊन मागे चाले आणि हळूच सांगे, "डावीकडचं. त्याच्या मागचं न्हाई, ते राहू द्या." सटवाजी बोट दाखवी, गडी झाड उपटत, लोक म्हणत काय नजर आहे. पागोटंही सटवाजीलाच मिळे. सटवाजी वारल्यावर ठकू एकटी ओळीत उतरली तेव्हा कुठे गावाला कळलं की इतकी वर्षं नजर कुणाची होती. कळलं, पण पागोटं काही कुणी तिला दिलं नाही.

ठकू नुसती पारखी नव्हती. झाडांची वैदीणच होती ती. पानांच्या मागे बारीक लाल किडे जाळं विणायला लागले की ती निंबोळीचं पाणी शिंपडायला लावी. पानांची टोकं करपली की म्हणे, खत उतू गेलंय, आता काही घालू नका. दाट शेंड्यांवर दव साचलं की सकाळी झाडं हलवून वाळवी, म्हणजे बुरशी धरत नसे. आणि पाणी द्यायच्या आधी ती मातीत बोट खुपसून बघे. दोन पेरं आत माती ओली लागली तर मोट थांबवायची.

असं म्हणतात की तिला झाडाची तहान ऐकू येई. असं म्हणतात की डोळ्यांवर पदर बांधून ती बारा ओळींतून गेली आणि वासावरून चौदा नर काढले, पंधरावा निघालाच नाही. तिला विचारलं तर ती म्हणे, "ऐकू बिकू काय येत न्हाई. मी बोट घालते. तुम्ही घालीत न्हाई."

त्या वर्षी दिवाळीला मोठा साहेब घोड्यावरून पाहणीला येणार असा निरोप आला. आप्पाजीच्या मनाने घेतलं की साहेबाला घोड्यावर बसल्याजागी शेंडे नाकासमोर दिसले पाहिजेत. त्याने रानात मेंढ्यांचं खत ओतलं, आणि पाऊस उघडल्याबरोबर मोटकरी येसूला सांगितलं, "रोज पाणी. मोट थांबली तर तुझं काम थांबलं."

ठकू बांधावर आली. वाकून बोट घातलं आणि वर काढलं. बोटाला काळा चिखल लागला होता.

"आप्पाजी, रान भरलंय. पंधरा दिवस पाणी नको."

"ठके, तुझ्या माहेरी पाऊस पडत न्हाई म्हणून तुला पाण्याचं भ्या वाटतं," आप्पाजी म्हणाला. गडी हसले. "झाड पाण्यानं वाढतं. लहान पोराला बी ठाऊक हाय."

"पोराला विहिरीत टाकलं म्हणून ते उंच होत न्हाई."

आता गडी जास्त हसले, आणि आप्पाजीला ते लागलं. तिथून पुढे पाण्याचा प्रश्न राहिलाच नाही, राहिला तो आप्पाजीचा हेका.

आठ दिवसांत खालची पानं पिवळी पडली. आप्पाजी म्हणाला, तहान लागली, पाणी वाढवा. पानं लोंबायला लागली. आप्पाजी म्हणाला, अंगात ताकद नाही, खत वाढवा. त्याचं बघून सगळ्या गावाने तसंच केलं. येसू मोटेवर उभा राहून बघत होता. ठकूने त्याला विचारलं, "येसूभाऊ, तुला दिसतंय न्हवं?" येसू म्हणाला, "दिसतंय, ठकूबाय. पण दोर माझ्या हातात असला तरी बैल त्याचे हायेत."

भादव्याच्या शेवटी सगळं रान हळदीसारखं झालं. मग दोष द्यायला कुणीतरी शोधायला हवं होतं, आणि एकटी बाई सापडायला वेळ लागत नाही. आप्पाजीने चावडीवर माणसं जमवली आणि सांगितलं की विधवा बाई रानात फिरते, झाडांशी पुटपुटते, मातीत बोटं घालून काहीतरी पुरते. तिनेच रान बाटवलं.

ठकू तिथे आली ती एक झाड मुळासकट घेऊन. तिने ते चावडीच्या पायरीवर ठेवलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की पुढच्या रांगेने नाकाला उपरणं लावलं.

"ही मुळं बघा. निरोगी मूळ पांढरं असतं. हे बुडून मेलंय. माझं पुटपुटणं लागलं असतं तर पान आधी गेलं असतं. पाण्यानं गेलं म्हणून मूळ आधी गेलं. येसूभाऊ, रोज किती मोटा सोडल्या ते सांग."

सगळे येसूकडे वळले. येसूने आप्पाजीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. 

हे लिहिताना हात थांबतो. शंभर माणसं बसली होती. निम्म्यांनी आपल्या हाताने वाफे फोडून पाणी घातलं होतं. मुळं समोर सडलेली दिसत होती, वास येत होता. आणि एकजणही बोलला नाही.

आप्पाजी म्हणाला, "मुळं काय, तूच कुजवून आणली असतील." लोक हसले. निवाडा झाला की ठकूने गावच्या कुठल्याही रानात पाय ठेवायचा नाही.

ती म्हणाली, "बरं. न्हाई ठेवत. मला काम नको, दाणे नकोत. 'ठकूची चूक नव्हती' एवढं एक वाक्य हितं बोला, मी जाते."

ते वाक्य कुणी बोललं नाही. तेव्हा ती उठली आणि शिवेवरच्या मुरमाड टेकाडावर, बाभळीखाली जाऊन बसली. गाव सोडलं नाही आणि गावात आलीही नाही.

आता पारखीच नाही म्हटल्यावर नर कोण काढणार? आप्पाजी म्हणाला, त्यात काय मोठं. तो स्वतः ओळीत उतरला. पिवळ्या रानातही काही झाडं डोक्याच्या वर गेली होती, सडपातळ आणि ताठ. काही कमरेएवढीच, फांद्या पसरून बसलेली. आप्पाजीच्या डोळ्यांपुढे साहेबाचा घोडा होता. "ही उंच ती ठेवा," तो म्हणाला. "ही बुटकी, ह्यांच्यात दम न्हाई. हेच नर. उपटा."

नरच बहुधा उंच वाढतो, हे ठकूच्या हातातल्या पाटीलासुद्धा ठाऊक होतं. गड्यांनी तीन दिवस खपून बहुतेक सगळ्या माद्या उपटल्या आणि नर जपून ठेवले. टेकाडावरून ठकू ओरडत होती असं म्हणतात. कुणी म्हणतात ती ओरडली नाही, नुसती उभी राहिली. ओरडली असती तरी ऐकलं कुणी असतं?

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, वारा अगदी पडलेला असताना, सगळे नर एका घटकेत फुलले. रानातून पिवळी धूळ उठली आणि भिंतीसारखी गावावर आली. तीन दिवस सूर्य दिसला नाही, असं म्हणतात. गाईंच्या पाठी पिवळ्या, परातीतलं पीठ पिवळं, झोपलेल्या माणसांच्या पापण्या पिवळ्या. दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं म्हणून साहेब नेमका त्याच मंगळवारी आला. त्याचा पांढरा घोडा वेशीतून आत आला आणि पिवळा होऊन परत गेला. चुकून राहिलेल्या माद्यांत त्या तीनच दिवसांत इतकं बी भरलं की शेंडे वाकून जमिनीला टेकले. वखारवाल्याने गाड्या आल्या तशा परत पाठवल्या.

चौथ्या दिवशी गाव टेकाडावर गेलं. तिथे धूळ नव्हती. बाभळीखालचा मुरूम कोरडा होता आणि ठकू त्यावर बसली होती. आप्पाजीच्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या. त्याने लुगडं पुढे केलं, खण-नारळ पुढे केला, शेवटी सटवाजीला देत असत ते पागोटंही पुढे केलं.

"ठकूबाई, चल. रान वाचव."

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला ठकूबाई म्हणाला होता.

"ते वाक्य बोला."

"झाली चूक."

"कुणाची?"

आप्पाजीने घसा खाकरला. "आता झाली ती झाली. कुणाची न् काय, उगाळून काय मिळतं?"

 ठकू उठली. लुगड्याला हात लावला नाही, पागोट्याकडे बघितलं नाही. "झाडांनी माझं काय केलं न्हाई," एवढं म्हणाली आणि टेकाड उतरून अनवाणी रानात शिरली.

ती चालली तिथे चिखल आटला, असं म्हणतात. तिच्या टाचेमागे काळी माती तडतडत भेगाळत गेली आणि अडलेलं पाणी त्या भेगांतून खाली उतरलं. तिने हात लावला त्या झाडाचा पिवळेपणा शेंड्याकडून खाली ओघळला आणि पान हिरवं झालं. ती प्रत्येक ओळीच्या टोकाला दिसे, वळे आणि पुढच्या ओळीत शिरे. गाव बांधावर उभं राहून बघत होतं. शेवटच्या ओळीत ती शिरली, आणि टोकाला आलीच नाही. लोक धावले. मातीत तिची पावलं ओळीच्या मध्यापर्यंत होती. तिथे दोन पेरं खोल एक बोटाचं भोक होतं. पुढे काही नव्हतं.

तेव्हा येसू बोलला. तो गुडघ्यावर बसला आणि त्या भोकाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाणी जास्त झालं. सोडणारे आम्ही होतो. ठकूची चूक नव्हती." तीन वाक्यं. चावडीवर ती बोलायला त्याला एक श्वास लागला असता. त्याने उशीर केला, आणि मेला तोपर्यंत मोटेच्या दोराला पुन्हा हात लावला नाही. तो बोलला तशी आभाळातली उरलेली धूळ खाली बसली, असं म्हणतात.

ते पीक पुढे बंद झालं, मोटाही गेल्या. आता त्या रानात कांदा आणि डाळिंब आहे. ओळीच्या मध्यात ठकूआईचा दगड आहे. बाकीच्या देवांना आंघोळ घालतात, ठकूआईच्या दगडाला पाणी घालत नाहीत. मूठभर कोरडी माती वाहतात. बोरखिंडीत अजूनही पाणी द्यायच्या आधी माणूस मातीत बोट घालून बघतो, मग ते डाळिंब असो की दारातली तुळस. आणि दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सगळं गाव दगडापाशी जमतं, आणि दर वर्षी वेगळ्या घरातला एक माणूस अनवाणी उभा राहून येसूची तीन वाक्यं बोलतो. आप्पाजीच्या घराचीही पाळी येते. त्यांनी ती कधी चुकवलेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

यंदा मात्र माईक आणला होता. ज्यांची पाळी होती ते आता मोठे पुढारी झाले आहेत. ते बूट घालून उभे राहिले. पाण्याच्या योजनेबद्दल बोलले, फोटो झाले, आणि शेवटी म्हणाले, "जुन्या काळी इथे काही चूक झाली होती, त्या माउलीला आपण वंदन करू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे एक म्हातारी होती, ती एवढंच म्हणाली, "कुणाची चूक ते न्हाई बोलला." शेजारच्याने तिला गप्प केलं. हे लिहिणारा तिच्याजवळच उभा होता. त्याला तिन्ही वाक्यं पाठ होती. चारचौघांत त्याचं तोंड उघडत नाही, आणि त्या दिवशीही उघडलं नाही. शंभर माणसांत तोही एक, येसूसारखा पायांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या म्हातारीच्या घरी गेला आणि तिला हाताला धरून दगडापाशी घेऊन आला. तिथे दोघांशिवाय कांदा खुरपणाऱ्या चार बायका होत्या. त्याने चपला बांधावर काढल्या, मातीत दोन पेरं बोट घातलं, आणि म्हणाला, "पाणी जास्त झालं. सोडणारे आम्ही होतो. ठकूची चूक नव्हती."

म्हातारीला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "मोठ्यानं बोल." मग तो मोठ्याने बोलला.