मुकुटाखालची कोरी जागा

खूप जुन्या काळची गोष्ट. राजेसुद्धा तेव्हा पायी जत्रेला जात, यावरून ओळखा किती जुनी. नदीकाठच्या एका राज्यात एक चितारी होता. शिसवी फळीवर पटाशीने चित्र कोरायचं, त्यावर शाई फिरवायची आणि कागदावर छाप घ्यायचा, हा त्याचा धंदा. दरवर्षी देवीच्या जत्रेसाठी तो एक नवी फळी कोरत असे. पहिला छाप देवीपुढे ठेवल्याशिवाय जत्रा सुरू होत नसे, आणि त्या चित्रात कोणाची तरी खोडी काढलेली असायचीच. एका वर्षी मापात पाप करणारा वाणी, तर दुसऱ्या वर्षी आरतीत घोरणारा पुजारी. ज्याची थट्टा व्हायची, तोही कोपऱ्यात उभा राहून हसायचा.

तिथल्या राजाला बालपण आठवलं, की आधी ओल्या शाईचा वास आठवे. एकदा चिताऱ्याने थोरल्या महाराजांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या मिशा रस्ता झाडताना दाखवल्या होत्या. हसता हसता थोरल्या महाराजांची पुरेवाट झाली होती. लेकराला खांद्यावर घेऊन त्यांनी ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. किती सुखाचे दिवस होते ते.

पण स्वतः गादीवर बसल्यावर राजाचं हसू आटलं. त्या वर्षीच्या फळीवर तो दरबारात डुलक्या घेत होता, आणि समोर अर्ज घेऊन आलेली एक म्हातारी ताटकळत उभी होती. चेहरा मात्र चिताऱ्याने मायेने कोरला होता, झोपलेल्या बाळासारखा. राजाला ती माया दिसली नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

छापाशिवाय जत्रा नाही, म्हणून फळी जाळता येईना. प्रधान म्हणाला, "महाराज, झाकली मूठ सव्वा लाखाची. चेहरा तेवढा खरवडून टाकू."

चितारी हात जोडून म्हणाला, "सरकार, मी जिथे खरवडतो तिथे कागद कोरा राहतो. राग असेल तर मला हाकला, पण तेवढी जागा कोरी ठेवू नका."

राजाने ऐकलं नाही. चिताऱ्याने चेहरा तासून काढला, पटाशी खाली ठेवली आणि तो लेकीच्या गावी निघून गेला.

जत्रेत छाप वाटले गेले. मुकुट होता, खाली काहीच नव्हतं. त्या वर्षी कोणी हसलं नाही. लोक चित्रं घेऊन मुकाट घरी गेले.

काही महिन्यांनी राजा साध्या वेशात फिरताना पाणी प्यायला एका झोपडीत शिरला. भिंतीवर तेच चित्र होतं. मुकुटाखाली कोणीतरी कोळशाने सुळे काढले होते.

"हे कोण, बाबा?" राजाने विचारलं.

"आमचा राजा," घरधनी म्हणाला. "तोंड लपवतो, म्हणजे काहीतरी भयंकरच असणार की."

राजा घरोघर फिरला. कुठे मुकुटाखाली लांडगा होता, कुठे नुसता काळा डाग. झोपाळू चेहरा कुठेच नव्हता. आपल्याच राज्यात त्याला परक्यासारखं वाटलं, आणि त्या जुन्या हसणाऱ्या जत्रेसाठी त्याचा जीव तुटला.

तो तसाच चिताऱ्याकडे गेला. "बाबा, माझा चेहरा पुन्हा कोरा. डुलक्या घेणाराच कोरा."

"तासलेलं लाकूड परत भरत नाही, सरकार," चितारी म्हणाला. "आणि या काही महिन्यांत माझे डोळेही गेले. आता तुमचा चेहरा लोकच काढणार. त्यांना नमुना चांगला द्या."

त्या दिवसापासून शेवटचा अर्जदार उठेपर्यंत राजा दरबारात जागा राही. सुळे काही लगेच पुसले गेले नाहीत. कित्येक घरांत ते त्याच्या मरणापर्यंत राहिले. पण जिला त्याने ताटकळत ठेवलं होतं, त्या म्हातारीने एके दिवशी आपल्या घरच्या चित्रावरचा कोळसा पदराने पुसला आणि तिथे दोन उघडे डोळे काढले. उरलेला चेहरा मात्र तिने कोराच ठेवला. म्हणाली, अजून थोडं बघते.

लहानथोरहो, तोंडावर थट्टा करणाऱ्याच्या हाती आपला चेहरा शाबूत असतो. त्याला गप्प केलं, की तोच चेहरा लोकांच्या भीतीच्या हाती जातो.